शुद्ध प्रत

लाल गोळा, गोळ्यात पांढरी फुली, शेजारी इंग्रजीत दीड-दोन ओळी आणि खाली एकच बटण. एवढीशी चौकट, पण ती पडद्यावर उमटली की माणसांचे स्वभाव दिसतात. काही जण ती दिसल्या दिसल्या बंद करून टाकतात, शेजारच्यानं पाहिली तर काय म्हणेल अशा घाईनं. मग फोन येतो. "सर, काहीतरी आलं होतं." काय आलं होतं? "काय की, मी ओके केलं." दुसऱ्या जातीची माणसं माउसला हातही लावत नाहीत. खुर्ची मागे सरकवून, हाताची घडी घालून, अजून पंचनामा व्हायचाय अशा थाटात ती चौकट जशीच्या तशी राखून बसतात. मला ही दुसरी माणसं आवडतात. चौकटीत काय लिहिलंय ते त्यांनीही वाचलेलं नसतं, ती गोष्ट वेगळी. आमच्या महाविद्यालयात इंग्रजी विभागातूनही असा फोन येतो आणि तिथली ती दीड ओळ वाचून दाखवायला मराठीचा माणूस जातो.

तो माणूस मी. तालुक्याच्या गावात मराठी शिकवतो आणि वर ‘कॉम्प्युटरचं बघतो’. हे दुसरं काम मला कोणी नेमून दिलेलं नाही. प्रबंध स्वतः टाइप केला, एवढीच माझी पात्रता. पण ज्या काळात तो केला त्या काळी मराठी टाइप करायचं म्हणजे आधी फॉन्टची मनधरणी, मग यंत्राच्या पाठीमागे खोचलेल्या डोंगलची, आणि हे दोघे प्रसन्न झालेच तर लाइटची. या झटापटीत यंत्राच्या पोटात काय काय असतं ते थोडंथोडं दिसायला लागलं. एकदा दिसलं की माणूस गावचा होतो.

वर्डच्या निळ्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की वर्ड उघडतं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या क्षणी हाकारा सुरू होतो. वर्डची मुख्य फाईल उठते आणि एकेका सोबत्याला हाक मारत जाते. अक्षरं मोजणारा ये, प्रिंटरशी बोलणारा ये, आकडेमोड करणारा ये. यातले कितीतरी वर्डचे नसतातच. ते विंडोजच्या घरचे असतात आणि एक्सेल, ब्राउझर, हिशेबाचं सॉफ्टवेअर अशा सगळ्यांच्या हाकेला ओ देतात. डीएलएल म्हणतात ते हेच. एकच काम प्रत्येकानं आपापल्या घरी करत बसण्यापेक्षा ते एकदा लिहून ठेवावं आणि सगळ्यांनी वापरावं, असा साधा हिशेब. त्यातला एक जण जाग्यावर नसला किंवा आलाच तर भलतंच बरळायला लागला, की हाकारा तिथेच थांबतो. पडद्यावर वर्डचं चित्र क्षणभर उमटून विझतं आणि चौकट येते. एमएसव्हीसीपी140 डॉट डीएलएल सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. किंवा नुसताच एक आकडा, शून्य एक्स सी शून्य शून्य शून्य शून्य एक चार दोन. मोठ्यानं वाचताना मलाच पाढे म्हटल्यासारखं वाटतं, आणि आजूबाजूची मंडळी उगाच गंभीर होतात.

प्रत्येक कार्यालयात कोणाचा तरी भाचा असतो. तो अशा वेळी फोनवरून सांगतो, ती फाईल नेटवर मिळते, डाउनलोड करून सिस्टीम32 मध्ये पेस्ट करा. मिळते, हे खरं. कुठून आली, कोणी ठेवली, आत काय आहे, हे विचारायचं नाही. शिवाय त्या फोल्डरांच्या नावांचा एक विनोद आहे, तो भाच्याला ठाऊक नसतो. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टीम32 या फोल्डरात चौसष्ट बिटांच्या फायली राहतात आणि बत्तीस बिटांच्या फायली सिसवाव64 नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात. जुन्या प्रोग्रॅमांचा सवयीचा पत्ता मोडू नये म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं, आणि पाटी एकाची, बिऱ्हाड दुसऱ्याचं, असं होऊन बसलं. भाच्यानं दिलेली फाईल या घोळात चुकीच्या दारात पडली की पहिली चौकट जाते आणि तिच्या जागी दुसऱ्या आकड्याची चौकट येते. मग भाच्याचा फोन लागत नाही.

पण या फायली बिघडतात का? कागद फाटतो, शाई उडते, कसर लागते. आकड्यांनी लिहिलेल्या वस्तूला काय होणार? पूर्वी मलाही हे कोडंच वाटायचं. त्याचं उत्तर आमच्या गावात दिवसातून दोनदा मिळायचं, भारनियमनाच्या वेळी. यंत्र डिस्कवर लिहीत असताना लाइट गेली की लिहिणं अर्ध्यात तुटतं. यूपीएस असायचा, पण त्याची बॅटरी कधीच बसलेली. तो फक्त कर्कश ओरडून लाइट गेल्याची बातमी द्यायचा. विंडोज 98 च्या काळात अशा अपघातानंतर डिस्क तपासायला घेतली की सुटे पडलेले तुकडे फाईल0000 डॉट सीएचके अशा नावांनी गोळा होऊन यायचे. बेवारस, कोणाचे कोण ते न कळणारे. पुढच्या एनटीएफएस पद्धतीत वही नीट ठेवली जाऊ लागली. पण ती वही फायलींची नावं, जागा आणि आकार यांची असते, आतल्या मजकुराची नसते. त्यामुळे एखादी फाईल नावानं बरोबर, आकारानं बरोबर आणि आत मात्र नुसती शून्यं, असंही सापडतं. वरून पाहून शंकासुद्धा येऊ नये. याखेरीज रॅमची पट्टी सैल असते, डिस्कवरच्या एखाद्या जागेनं मान टाकलेली असते, अँटिव्हायरसनं चोर सोडून सावालाच चोर म्हणून कोंडलेलं असतं, किंवा अपडेट अर्ध्यावर असताना संध्याकाळचे सव्वापाच झालेले असतात आणि कार्यालय बंद करायची वेळ कोणासाठी थांबत नाही.

एक्सपीच्या दिवसांत यावर एकच उपाय सर्वमान्य होता. सीपीयू उचलून रिक्षात घालायचा आणि बाजारपेठेतल्या दुकानात न्यायचा. तिथला पोरगा झाकण न उघडताच म्हणायचा, "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा आहे का काही?" डेटा आहे का काही, हा प्रश्न ऐकून आमचे हेडक्लार्क एकदा खुर्चीवर बसलेच. बारा वर्षांचे दाखले त्यात होते. पोरगा वाईट नव्हता. विंडोज पुन्हा टाकायला एक तास, आणि बिघडलेली एक फाईल शोधायला कदाचित दिवस. त्याचा धंदा तासावर चालायचा. तरी त्याच्याच दुकानात मी पहिल्यांदा दुसरा रस्ता पाहिला. एचएएल डॉट डीएलएल ही फाईल नाही किंवा बिघडली, अशी पांढऱ्या अक्षरांची ओळ काळ्या पडद्यावर आली होती आणि पोरगा त्या दिवशी निवांत होता. त्यानं विंडोजची सीडी घातली. तीत आय386 नावाचं फोल्डर असायचं आणि त्यात बहुतेक फायली घड्या घालून ठेवलेल्या, नावाचं शेवटचं अक्षर कापून तिथे एक अधोरेषा. डीएलएलच्या ऐवजी डीएल आणि पुढे रेघ. त्यानं हवी ती फाईल उलगडली, जाग्यावर ठेवली आणि यंत्र उठलं. हेडक्लार्कनी त्याला चहा पाजला. मला मात्र ती कापलेली अक्षरं बरेच दिवस आठवत होती. प्रत्येक फाईलची एक न वापरलेली, न मळलेली प्रत कुठेतरी घडी घालून पडलेली आहे, हे माझ्या लेखी तेव्हा नवीन होतं.

आता सीडी लागत नाही. ही राखीव प्रत यंत्रातच असते, आणि तपासणीचं कामही यंत्रच करतं. प्रशासकाच्या अधिकारात काळी खिडकी उघडायची, एसएफसी लिहायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. एंटर. तपासणी सुरू होत आहे, थोडा वेळ लागेल, असं ती इंग्रजीत सांगते आणि टक्के मोजू लागते. ही काळी खिडकी आली की खोलीतलं वातावरण पालटतं. रंगीत पडद्यापुढे कोणीही सल्ला देतो, काळ्या पडद्यापुढे कोणी बोलत नाही. चार टक्के. अकरा टक्के. मग बराच वेळ अकरा टक्केच. शिपाईमामा मागे उभे राहून विचारतात, "सर, हे काय चाललंय?" मी म्हणतो, "ताडून बघतंय." मामांना एवढं पुरतं. जिल्ह्याच्या कचेरीत आयुष्यभर त्यांनी मूळ कागदपत्रांशी झेरॉक्स ताडून पाहणारी माणसं पाहिली आहेत.

आणि ते चालतंही तसंच. प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून एक आकडा काढतात. मजकुरातलं एक टिंब जरी हललं तरी तो आकडा पार बदलतो. जन्माच्या वेळचा आकडा यादीत लिहून ठेवलेला असतो. आजचा आकडा काढायचा, यादीतल्याशी जुळतो का पाहायचं. जुळला तर पुढे. नाही जुळला तर ती फाईल उचलून बाजूला, आणि राखीव प्रत तिच्या जागी. कुठे चुकलं, किती चुकलं, कोणाच्या हातून चुकलं, हे प्रश्नच नाहीत. दुरुस्तीचा हा प्रकार पहिल्यांदा समजला तेव्हा मी थोडा खट्टू झालो. दुरुस्ती म्हटली की निदान हवं, अशी माझी समजूत. वैद्य नाडी बघतो, गवंडी भिंतीवर टिचकी मारतो. इथे कोणी काही बघत नाही. सारखं आहे की नाही, एवढंच विचारतात.

विभागात परतलो तर तासाला एकनाथ. विद्यार्थ्यांना सांगायचं ते ठरलेलं: शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी झाली शके 1212 ला. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत ती हातांनीच उतरवली जात होती. उतरवणाऱ्याची बोली वेगळी, डोळे थकलेले, समईत तेल कमी. कोणाचा शब्द गळला, कोणी अवघड शब्द ओळखीचा करून टाकला, आणि कोणाला ओवी इतकी भावली की त्यानं आपली एक जोडून दिली. नाथांनी अनेक प्रती पुढे घेऊन पाठ ताडले आणि शेवटी स्वतःच्या ओव्यांत बजावून ठेवलं की यात कोणी पदरची भर घालू नये. शिकवताना मी हे नेहमी आदरानं सांगतो. त्या दिवशी डोळ्यांसमोर टक्के होते, त्यामुळे वेगळंच सुचलं. नाथांजवळ यादी नव्हती. मूळ आकडा कुठे लिहिलेला नव्हता. बिघडलेल्या प्रतींतूनच न बिघडलेली काढायची होती.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली आणि ती 1966 मध्ये पुरी झाली. 1259 हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. या कामाचा एक नियम मला फार आवडतो. दोन प्रतींत दोन वेगळे शब्द असतील तर साधारणपणे अवघड शब्द जुना धरावा. कारण उतरवणारा माणूस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. म्हणजे चुकीलाही स्वभाव असतो, आणि त्या स्वभावावरून मागे मागे जाता येतं. यंत्राच्या फायलीतल्या चुकीला स्वभाव नाही. शून्याचं एक झालं ते का, हे रॅमच्या पट्टीला विचारून उपयोग नाही. तिथे मूळ प्रत हातात नसेल तर जगातले सगळे पंडित बसवले तरी फाईल उभी राहणार नाही.

आणि मूळ प्रतही बिघडते. कधीकधी काळ्या खिडकीत शंभर टक्के होतात आणि खाली ओळ येते की बिघडलेल्या फायली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. याचं कारण कळायला मला बराच काळ लागला. विंडोजची राखीव प्रत ज्या विनएसएक्सएस फोल्डरात असते, तिथल्या पुष्कळशा फायली आणि सिस्टीम32 मधल्या फायली या डिस्कवर एकच असतात. मजकूर एकदाच लिहिलेला, नावं दोन. जागा वाचते. पण डिस्कवरची ती एक जागा गेली की वापरातली आणि राखीव दोन्ही एकदम जातात. तेव्हा डिस्म नावाचं दुसरं अवजार काढावं लागतं. ते आधी भांडार दुरुस्त करतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रती थेट इंटरनेटवरून, विंडोज जिथून अपडेट घेतं तिथून मागवतं. मग पुन्हा एसएफसी. तालुक्याच्या गावातल्या नेटवर हे काम दुपार खातं. बासष्ट टक्क्यांवर ते असं काही रुतून बसतं की मंडळी "सर, बंद करून चालू करू का?" असं विचारायला लागतात. बंद करून चालू करायचं नाही, हे सांगणं एवढंच माझं तेव्हाचं काम.

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथांच्याही आधीची म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली आणि तिच्यावरून वाद झाले. शुद्ध प्रतीच्या मागे आणखी शुद्ध प्रत, तिच्या मागे आणखी. माझ्यासारख्याला त्यात बुडी मारायची हौस आहे. पण दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या पालकाला नाही, आणि तेच बरोबर आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला तर या सिस्टीम फायलींचं ऋण विसरता यायचं नाही. यूएसपी10 डॉट डीएलएल ही फाईल आज कोणाला आठवत असेल? क ला हलन्त, मग ष, असं ओळीनं आलेलं जुळवून त्याचा क्ष करायचा, आणि पहिली वेलांटी टाइप झाली अक्षरानंतर तरी दाखवायची अक्षराआधी, हे काम विंडोजमध्ये ती करायची. एक्सपीमध्ये ही सोय मुळातूनच चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक चौकोन टिचकवावा लागे आणि मग सीडी घालावी लागे. सीडी नसली की कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट यंत्रात असला तरी मराठी विस्कटलेली. अक्षरं आहेत पण जोड सुटलेले, वेलांट्या नको तिथे उभ्या. पुढे ऑफिस 2003 सोबत या फाईलची नवी, सुधारलेली आवृत्ती आली, पण ती ऑफिसच्या स्वतःच्या फोल्डरात. ती उचलून सिस्टीम32 मध्ये ठेवावी तर विंडोजचा पहारा आड येई. तुम्ही फाईल बदलायची, आणि डोळ्यादेखत त्यानं जुनी परत आणून ठेवायची. ही राखण विंडोज 2000 पासूनची. तिच्या लेखी आमची धडपड आणि व्हायरसची धडपड यांत काही फरक नव्हता. कोणाचंही भलं करायला निघालेला हात तिला परकाच. त्या काळी मी चिडायचो. आता तिची बाजू थोडी समजते.

कारण हा सगळा भाग असा आहे की ज्यात आपलं म्हणून काहीच नसतं. माझ्या यंत्रातली ती फाईल आणि टोरांटोला राहणाऱ्या मावसभावाच्या यंत्रातली ती फाईल, एकाच आवृत्तीची असेल तर टिंबाटिंबानं तीच. प्रबंध माझा, पत्रं माझी, फोटो त्याचे, आणि त्याखालचं सगळं सारखं. म्हणून तर प्रत बदलली तरी कोणाला चुटपुट लागत नाही. आणि ज्यात आपलं काही नाही तेच बिघडलं की आपलं सगळं अडतं. 19 जुलै 2024 ला हे सगळ्या जगानं एकदमच पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधून एक सदोष फाईल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख यंत्रं निळ्या पडद्यावर जाऊन बसली. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय, तर यंत्र सेफ मोडमध्ये उठवायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात शिरायचं आणि ती एक फाईल पुसायची. एवढंच. पण जे यंत्र उठतच नाही त्याला दुरून काही सांगता येत नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी चालत जावं लागलं. ती बातमी वाचताना मला जगातल्या सगळ्या ‘कॉम्प्युटरचं बघणाऱ्यां’बद्दल आपुलकी वाटली. त्या दिवशी त्यांना किती जणांनी विचारलं असेल, बंद करून चालू करू का?

गेल्या जूनमध्ये मात्र एसएफसी चाललं नाही. म्हणजे चाललं, आणि म्हणालं की काही बिघाड नाही. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस, खिडकीबाहेर रांग, आणि कार्यालयातल्या मॅडमच्या यंत्रावर वर्ड उघडायला तयार नाही. आदल्या संध्याकाळी वर्ड बंद होत असतानाच मामांनी मेन स्विच पाडला होता. कंट्रोल दाबून धरून उघडलं तर उघडलं, म्हणजे वर्ड धड होतं, विंडोजही धड होती. बिघडली होती नॉर्मल डॉट डॉटएम ही फाईल. ही विंडोजची फाईल नव्हे. प्रत्येकाची आपापली असते आणि वर्ड वापरता वापरता घडत जाते. हिची राखीव प्रत कुठेच नसते. उपाय सोपा. तिचं नाव बदलून ठेवायचं. जुनी सापडत नाही म्हटल्यावर वर्ड नवी करून घेतं, कोरी, कारखान्यातून आलेली.

वर्ड उघडलं. रांग पुढे सरकली. मॅडमनी पत्राला सुरुवात केली, ‘उवि’ लिहिलं, एफ3 दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं.

त्या ‘उवि’तून गेली कित्येक वर्षं ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी अख्खी ओळ उमटत असे. ‘सह’मधून विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, पूर्ण पत्त्यासकट. ‘माका’मधून माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव. एकेक करून त्यांनी ही घडवली होती, कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या रजेच्या दिवशी दुसऱ्याला त्या यंत्रावर पत्र लिहिणं जमायचं नाही, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. यातलं काही सिस्टीम फाईल नव्हतं, म्हणून कुठल्याच यादीत नव्हतं. जुनी फाईल मी पुसली नव्हती. ती उघडून आतलं काही काढता येतं का, ते दोन-तीन वाटांनी पाहिलं. आत शिरायला वाट नव्हती.

"सगळं परत करावं लागणार का, सर?"

"लागेल. पण आठवेल तसं करा, एकदम नको."

त्यांनी कागद घेतला आणि डबा खाता खाता यादी केली. ती करताना त्यांचं त्यांनाच हसू येत होतं. ‘मुअ’ नको, ते पद आता राहिलं नाही. ‘फॅ’ नको, फॅक्स कोण करतं? ‘सह’च्या पत्त्यातली इमारत बदलून चार वर्षं झाली, दर वेळी एफ3 दाबून त्या जुनी इमारत आणत होत्या आणि खोडून नवी लिहीत होत्या. ‘प्रा’मध्ये तर दोन प्राचार्यांमागच्या प्राचार्यांचं नाव होतं. तेही दर वेळी यायचं, दर वेळी त्या बॅकस्पेसनं मागे जाऊन पुसायच्या, बोटांना सवय झालेली. खोडणं धरून त्यांची एक पद्धत बसली होती.

दुपारी रांग ओसरल्यावर त्यांनी पहिलं ‘उवि’ केलं, मग ‘माका’. ‘प्रा’शी येऊन थांबल्या.

"सर, नुसतं प्राचार्य ठेवू का नाव घालू?"

"नुसतं ठेवलंत तर परत बदलायला नको. आताचे सर पण पुढच्या वर्षी निवृत्त होतायत."

त्यांनी क्षणभर विचार केला. "नावच घालते," त्या म्हणाल्या, आणि टाइप करू लागल्या.